हावऱ्या धातूला चांदीचा लगाम

मोरीतली बादली, दुधाची पिशवी, पाण्याचा पिंप या वस्तू बहुधा पॉलिथिनच्या असतात, आणि पॉलिथिन बनते इथिलीन वायूपासून. मुंबई हायच्या वायूसाठी आपल्या रायगड जिल्ह्यात नागोठण्याला जो क्रॅकर उभा राहिला, तो हेच इथिलीन काढण्यासाठी. ८०० अंशांहून अधिक तापलेल्या भट्टीत वायू फोडला की इथिलीन निघते. पण त्याबरोबर ॲसिटिलीन हा नको असलेला पाहुणाही येतो.

हा पाहुणा आपल्या ओळखीचा आहे. गॅस वेल्डिंगच्या एका सिलिंडरमध्ये तोच असतो. आंबे पिकवायला चोरून कार्बाइडची पुडी ठेवतात, तिला ओल लागली की तोच सुटतो. क्रॅकरच्या इथिलीनमध्ये तो शेकडा अर्धा ते दोन टक्के असतो. एवढ्यानेही पॉलिथिन बनविणारा उत्प्रेरक, म्हणजे कामगारांच्या भाषेत कॅटॅलिस्ट, निकामी होतो. म्हणून दहा लाख रेणूंत ॲसिटिलीनचे पाचसुद्धा उरू द्यायचे नसतात.

उपाय ऐकायला सोपा आहे. ॲसिटिलीनच्या रेणूत कार्बनचे दोन अणू आणि हायड्रोजनचे दोन. आणखी दोन हायड्रोजन जोडले की त्याचेच इथिलीन झाले! घाण गेली आणि माल वाढला. हे जोडकाम पॅलेडियम धातू उत्तम करतो. पण तो हावरा. तेथेच न थांबता इथिलीनलाही आणखी दोन हायड्रोजन चिकटवतो आणि त्याचे इथेन करून टाकतो. म्हणजे भट्टीतून कष्टाने काढलेला माल पुन्हा भट्टीत! शिवाय ॲसिटिलीनचे रेणू एकमेकांना जुळून चिकट तेल होते. त्याला हिरवे तेल म्हणतात. ते कॅटॅलिस्टवर बसते.

येथे चांदी कामाला आली. चांदी स्वतः या कामात जवळजवळ निरुपयोगी, आणि तोच तिचा गुण. ॲल्युमिनाच्या गोळ्यांवर पॅलेडियमबरोबर चांदी बसविली की पॅलेडियमचे अणू एकमेकांपासून दूर पडतात. अनेक अणू शेजारी-शेजारी असले की इथिलीन त्यांच्यावर घट्ट आडवे पडते आणि हायड्रोजन घेत राहते. एकट्या अणूवर ते जेमतेम टेकते आणि सुटून जाते. शंभर किलो गोळ्यांत पॅलेडियम शंभर ग्रॅमही नसते. (गंमत अशी की १८०३ साली लंडनमध्ये वोलास्टन यांनी हा धातू नाव न सांगता विकायला ठेवला, तो ‘नवी चांदी’ म्हणूनच.)

हा प्रश्न नुसत्या नफ्या-तोट्याचा नाही. हायड्रोजन जोडताना उष्णता निघते. वायूत थोडा कार्बन मोनॉक्साइड असतो, तो कॅटॅलिस्टला दाबून धरतो. तो अचानक घटला की पॅलेडियम मोकळा सुटतो, इथिलीनवर तुटून पडतो, आणि तापमान भराभर चढते. चढलेले तापमान क्रियेला आणखी वेग देते. अशा वेळी हायड्रोजन तोडून यंत्रणा थांबवायला कंट्रोल रूममधल्या माणसाला फार थोडा वेळ मिळतो. पाळीवर असलेल्या सगळ्यांचा जीव त्या वेळेवर असतो. मला तर चांदीचे खरे मोल येथेच दिसते. आवरलेला कॅटॅलिस्ट त्या माणसाच्या हाती थोडा अधिक वेळ देतो.

चांदीतही उणीव आहे. तिचे अणू ठरल्या जागी बसत नाहीत, आणि हायड्रोजनच्या ओढीने पॅलेडियम पुन्हा पृष्ठभागावर येऊ पाहतो. म्हणून जर्मनीत बर्लिन व ड्रेस्डेन येथील माक्स प्लांक संस्थांच्या संशोधकांनी पॅलेडियम आणि गॅलियमचे संयुग तपासले. त्यात प्रत्येक पॅलेडियमभोवती गॅलियमचे सात अणू पक्के बांधलेले असतात. प्रयोगात ते निवडक काम चांगले करते असे दिसले. २००८ साली निकेल व जस्ताच्या स्वस्त जोडीचाही पर्याय पुढे आला.

हिरव्या तेलाने गोळ्या मंदावल्या की वाफ व हवा सोडून ते जाळतात आणि गोळ्या पुन्हा कामाला लावतात. पुरत्या थकल्या की त्या बाहेर काढून त्यांतला पॅलेडियम परत मिळवला जातो.