मालवणच्या समुद्राची दुसरी वारी

पंढरपूरला आपण दरसाल जातो. तीच वाट, तेच वाळवंट, त्याच पायऱ्या. पुन्हा कशाला चाललात, असे कोणी विचारीत नाही. सहलीचे ठिकाण मात्र एकदा पाहिले की संपले, असे आपण धरून चालतो. आमच्या घरी २०२३च्या जानेवारीत मालवणला दुसऱ्यांदा जायचे ठरले, तेव्हा आईनेही हेच विचारले, "एकदा बघितलाय की समिंदर. पुन्हा कशाला पैसा घालता?"

प्रश्न रास्त होता. आमचे गाव बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात. तिथून बार्शी, पंढरपूर, कोल्हापूर करीत फोंडा घाट उतरून मालवण गाठायचे म्हणजे सुमारे ५०० किलोमीटरचा पल्ला. शिवाय नुसता समुद्र पाहायचा नव्हता, त्याच्या पोटात उतरायचे होते. पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जाण्याच्या या प्रकाराला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. हे साधन १९४३ साली फ्रान्समध्ये कुस्तो आणि गान्यां या दोघांनी तयार केले. टाकीत प्राणवायू भरलेला असतो अशी पुष्कळांची समजूत आहे. प्रत्यक्षात ती तुमची-आमची साधी हवाच असते, फक्त दाबून भरलेली.

जगात असली ठिकाणे पुष्कळ. कॅरिबियन समुद्रात बोनेर नावाचे एक लहानसे बेट आहे. तिथे एकदा डुबकी मारून गेलेली कुटुंबे मुलाबाळांसह पुन्हा पुन्हा येतात. त्या बेटाने आपल्या भोवतीचा समुद्र १९७९ सालीच राखीव केला. पाणबुड्यांकडून शुल्क घेतात आणि प्रवाळावर नांगर टाकू देत नाहीत. आपल्या महाराष्ट्रात त्या जातीचे ठिकाण म्हणजे मालवण. तिथला सुमारे २९ चौरस किलोमीटरचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

विहिरीचे पोहणे आणि समुद्राची डुबकी

आम्ही पहिल्यांदा गेलो २०१९ साली. त्या खेपेला धाकटा भाऊ मोठ्या तोऱ्यात पाण्यात उतरला. गावच्या पाच परस विहिरीत काठावरून उडी टाकून तळाचा खडा वर आणणारा तो गडी. पण समुद्रात दोन मिनिटांतच हात-पाय झाडीत वर आला. आणि जिला पोहण्याचा ओ की ठो येत नव्हता, ती आमची पुतणी वाटाड्याचा हात धरून निवांत फिरून आली!

याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. विहिरीत आपण दम धरतो. जो जास्त दम धरील तो पट्टीचा पोहणारा. समुद्रात टाकी लावून उतरल्यावर दम मुळीच धरायचा नसतो. तोंडातल्या नळीतून संथपणे श्वास घ्यायचा आणि सोडायचा, हे अखंड चालू ठेवायचे. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट होतो. तिथे घेतलेली हवा वर येताना फुगते. अशा वेळी दम धरला, तर फुगलेली हवा फुप्फुस फाडू शकते. जन्मभराची सवय भावाच्या आड आली, ती अशी.

दुसरी गोष्ट कानाची. खाली जाताना कानात दडा बसतो, दुखू लागते. नाक चिमटीत धरून हलकेच हवा नाकाकडे ढकलावी, म्हणजे कान मोकळा होतो. नाही झाला, तर थोडे वर यावे. दुखणे सोसून खाली जाऊ नये. सर्दी झालेली असेल तर त्या दिवशी उतरूच नये.

आईची हरकत

दुसऱ्या खेपेला आईचा विरोध नुसत्या पैशासाठी नव्हता. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग करून परतणारी पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. ही बातमी तिने टीव्हीवर पाहिली होती. "पाण्याशी खेळ नको," एवढेच ती म्हणत राहिली. तिच्या भीतीला हसून चालण्यासारखे नव्हते. मेअखेरीस पाऊस जवळ आला की कोकणचा समुद्र खवळू लागतो. आम्ही तिला कबूल केले की, समुद्र शांत असेल तरच उतरू, होडीवाला जॅकेट देईल तरच होडीत बसू, नाहीतर काठावरून परत येऊ. तेव्हा कुठे ती निघाली.

आम्ही मुद्दाम जानेवारी धरला होता. तूर घरात आलेली, ज्वारी हुरड्यात, आणि समुद्र शांत. या दिवसांत पाणीही त्यातल्या त्यात निवळ असते.

आदल्या संध्याकाळीच आम्ही होडीवाल्याशी सगळे बोलून घेतले. होडीत माणसे किती घेणार, एका वाटाड्याकडे किती जण, दर ठरला त्यात होडीभाडे आणि फोटो धरले की नाही, हे सगळे विचारले. होडीत सर्वांना जॅकेट घालायला लावले आणि आईच्या जॅकेटचे बंद त्याने स्वतः ओढून पाहिले. त्या एका गोष्टीने तिचा निम्मा घोर गेला.

भावाने या वेळी कमरेइतक्या पाण्यात उभे राहून आधी अर्धा तास नुसता श्वासाचा सराव केला. मग उतरला, तो वाटाड्याने खूण करेपर्यंत वर आला नाही. आमच्या सौभाग्यवतींनी २०१९ साली होडीतच बसून राहणे पसंत केले होते. अंगाला घट्ट बसणारा तो रबरी पोशाख घालायचा संकोच, दुसरे काय! या वेळी पुतणीने "काकू, चला हो, पाण्यात कोण बघतंय?" म्हणून त्यांना तयार केले. वर आल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "खाली अगदी शांत वाटलं. नुसता आपलाच श्वास ऐकू येतो."

खाली आहे तरी काय?

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळच्या खडकांवर प्रवाळ आहे. मेंदूसारख्या वळ्या असलेले गोल गड्डे, पानासारखे पसरलेले थर, आणि त्यांतून ये-जा करणारे काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे. प्रवाळ दिसते दगडासारखे, पण तो दगड नव्हे. बारीक जीवांची ती वसाहत असते. त्यांच्या अंगात राहणारे सूक्ष्म शेवाळ उन्हावर अन्न तयार करते आणि त्यावर ते जीव जगतात. पाणी फार तापले की हे शेवाळ निघून जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. तसेच राहिले तर मरते. २०२४ साली तर जगभरच्या समुद्रांत असे प्रवाळ पांढरे पडल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले.

गोल गड्ड्याचे प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटीमीटर वाढते. म्हणजे हातभर गड्डा व्हायला एका माणसाची उमर जाते. उगवत्या पेरणीतून गुरे गेली तर आपला जीव कसा तुटतो? प्रवाळावर पाय ठेवणे त्याहून वाईट, कारण तिथे दुबार पेरणी नाही. तुकडा तोडून आणणे हा वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. मासे गोळा व्हावेत म्हणून पाण्यात पाव-बिस्किटे टाकण्याचा हट्टही आपण धरू नये.

समुद्रातली गोडी विहीर

आई पाण्यात उतरली नाही, पण तिची सहल वाया गेली असे नाही. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. चहूकडे खारा समुद्र, आणि किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी! आईने ओंजळभर पाणी चाखले आणि म्हणाली, "आपल्याकडं पाचशे फूट बोअर नेला तर धुरळा निघतो, अन् इथं समिंदरात गोडं पाणी."

यात चमत्कार नाही. बेटावर पडलेला पाऊस खडकाच्या भेगांतून मुरतो. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके, म्हणून ते वर तरंगून राहते. बेताने उपसले तर टिकते. हाव धरली तर खालचे खारे पाणी वर चढते. आपल्या बोअरवाल्या मुलखाने हे ध्यानात ठेवावे असेच आहे.

जाणाऱ्यांसाठी

दमा, हृदयविकार, फेफरे किंवा कानाचे दुखणे असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. गरोदर बायकांनी उतरूच नये, आणि दारू घेतलेल्या माणसाला होडीतही घेऊ नये. दहा वर्षांखालील मुलांना काठावर वाळूत खेळू द्यावे. पावसाळ्यात हे सारे बंद असते. डुबकी मारून त्याच दिवशी घाट चढण्याची घाई न करता रात्रीचा मुक्काम करावा. नीट शिकायचे असेल तर महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा शिकवणारी संस्था तारकर्लीला आहे. माळकरी मंडळींनी चिंता करू नये. काळ्या वाटाण्याची उसळ आणि सोलकढी घरोघर मिळते.

पहिल्या खेपेला माणूस समुद्राला भितो आणि फोटो काढतो. कोणाला काय विचारावे, कुठे थांबावे, पाण्यात श्वास कसा घ्यावा हे दुसऱ्या खेपेला कळते. तेव्हा दर सुगीला नवे गाव शोधण्यापेक्षा एखाद्या आवडलेल्या जागी पुन्हा जाऊन पाहावे. आणि आपली नातवंडे तिथे जातील तेव्हा ती जागा तशीच असेल, एवढे जपून वागावे.