पुस्तक छापायचंय? मागणी तेवढ्याच प्रती

मालवणी कथा-कवितांची वही तयार आहे, पण प्रकाशक मिळत नाही? ‘प्रिंट ऑन डिमांड’मध्ये ऑर्डर येईल तेवढ्याच प्रती छापल्या जातात. मालवण-देवगडच्या दमट हवेत न खपलेल्या गठ्ठ्यांना वाळवी लागण्याची भीती नाही. पोथी डॉट कॉम, नोशन प्रेस येथे ही सोय आहे.

मात्र एका प्रतीचा खर्च ऑफसेट छपाईपेक्षा जास्त पडतो. गावात, शाळांत ५०० प्रती खपण्याची खात्री असेल, तर छापखानाच परवडतो.

आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून मोफत मिळतो. लेखक स्वतःही अर्ज करू शकतो. ‘पॅकेज’चे पैसे भरण्याआधी करार वाचा. कॉपीराइट तुमच्याच नावावर राहायला हवा.