सर्व्हरची बिघडलेली डिस्क बदलताना

जालना एमआयडीसीत सळयांच्या एका कारखान्यात काल सर्व्हरची डिस्क बदलली. कपाटात एका डिस्कवर पिवळा दिवा, तरी बिलिंग सुरूच!

ही रेडची, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याच्या पद्धतीची करामत. 1988 साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी ही कल्पना शोधनिबंधात मांडली. रेड 5 मध्ये एक डिस्क गेली तरी माहिती शाबूत राहते. दुसरी गेली की सगळं संपतं.

म्हणूनच खरा धोका चुकीची डिस्क ओढण्याचा. नुसत्या दिव्यावर विसंबू नका. कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये स्लॉट नंबर आणि सिरियल नंबर बघा, ‘लोकेट’ देऊन त्याच डिस्कचा दिवा लुकलुकवा. त्याआधी ताजा बॅकअप हवाच. रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी प्रत्येक मालकाला सांगतो.

हॉट-स्वॅप, म्हणजे चालू सर्व्हरमध्ये डिस्क बदलायची सोय असेल तर सर्व्हर बंद करायची गरज नाही. मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधा. डिस्क थोडी बाहेर ओढून अर्धा मिनिट थांबा, आतली तबकडी फिरायची थांबू द्या.

नवी डिस्क त्याच प्रकारची, क्षमता तेवढीच किंवा जास्त. मग रीबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर माहिती पुन्हा भरणं. मोठ्या डिस्कला कित्येक तास लागतात आणि उरलेल्या डिस्कवर ताण येतो, तेव्हा यूपीएस आधी तपासा.

तुमच्याकडे कोणती रेड आहे? शंका असतील तर बिनधास्त विचारा.