मासा तपासला जातो, सोलणारा हात नाही

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात उतरलेला राणीमासा मिरजोळे एमआयडीसीत पोचायला फार वेळ लागत नाही. तिथून पुढचा प्रवास मात्र लांबचा. डोकं, काटे, कातडी काढून, पुन्हा पुन्हा धुऊन त्याचा लगदा करतात. जपानी पद्धतीच्या या लगद्याला सुरिमी म्हणतात आणि परदेशात त्यापासून खेकड्याच्या चवीच्या कांड्या बनतात. कोळंबी सोलून, म्हाकूळ साफ करून, गोठवून कंटेनरमध्ये भरली जाते. 2024-25 या वर्षात देशातून 16.98 लाख टन सागरी उत्पादनं निर्यात झाली आणि त्यांची किंमत होती 62,408 कोटी रुपये. त्यातला मोठा वाटा आंध्रच्या तलावांतल्या कोळंबीचा असला, तरी कोकणच्या मासळीचाही त्यात हिस्सा आहे.

या साखळीत ओल्या फरशीवर, बर्फात हात घालून उभी असलेली बाई कुणाच्या हिशेबात असते? निर्यात कारखान्यांतल्या कामाबद्दल काही समजुती इतक्या रुळल्या आहेत की मालकच नव्हे, कामगारही त्या खऱ्या मानतात. म्हणूनच त्या जास्त नुकसान करतात.

«परदेशी तपासणी होते, म्हणजे सगळं नियमातच असणार»

हा सर्वांत पक्का गैरसमज. तपासणी होते हे खरंच आहे. 1997 मध्ये युरोपीय संघाने अस्वच्छतेच्या कारणावरून भारतीय मासळीची आयात थांबवली आणि त्यानंतर देशभरच्या कारखान्यांचं रूप पालटलं. धुता येणाऱ्या भिंती आल्या, शीतगृहांच्या तापमानाच्या नोंदी आल्या, पाण्याचे नमुने आले. धोक्याच्या जागा हेरून त्यांवर नजर ठेवणारी हॅसप पद्धत आली. आज एक्स्पोर्ट इन्स्पेक्शन कौन्सिलची मान्यता नसेल तर युरोपला माल जात नाही.

पण ही सगळी तपासणी माशाची आहे. हातमोजे आणि टोपी घातली आहे का, हे निरीक्षक पाहतात ते माल दूषित होऊ नये म्हणून. तेच हातमोजे घालून बाई किती तास उभी होती, तिला लघवीला जायला सुट्टी मिळाली का, तिच्या बोटांच्या भेगांवर औषध कुणी दिलं, हे तपासणीच्या अर्जात विचारलेलं नसतं. सतत गार, क्लोरीनयुक्त पाण्यात काम केल्याने होणारे त्वचारोग आणि मासळीच्या सूक्ष्म तुषारांमुळे होणारा दमा हे या धंद्याचे जगभर नोंदले गेलेले आजार आहेत. निर्यातीच्या दाखल्यावर त्यांना रकाना नाही.

कामगारांच्या स्थितीची वेगळी तपासणी करणाऱ्या खासगी संस्थाही आहेत. त्या तपासणीचा खर्च बहुतेक वेळा कारखानाच करतो आणि तारीख अनेकदा आधी ठरलेली असते. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्याच्या कारखान्याला ऑगस्ट 2012 मध्ये एसए 8000 हे कामगारहिताचं प्रमाणपत्र मिळालं. 11 सप्टेंबरला तिथे आग लागली आणि अडीचशेहून अधिक माणसं गेली. आग कुणी लावली याचा खटला वेगळा चालला. माणसं अडकली ती बंद दारांमुळे आणि गजांच्या खिडक्यांमुळे. प्रमाणपत्र देणाऱ्यांना ती दारं दिसली नव्हती.

आपल्याकडचं ताजं उदाहरण मासळीचंच आहे. मार्च 2024 मध्ये कॉर्पोरेट अकाउंटेबिलिटी लॅब या अमेरिकी संस्थेने भारतीय कोळंबी उद्योगावर अहवाल काढला. मुख्यतः आंध्र प्रदेशातल्या या पाहणीत स्थलांतरित बायकांची कमी मजुरी, जादा तास आणि धोकादायक परिस्थिती यांचं वर्णन होतं. केंद्र सरकारने आणि निर्यातदारांच्या संघटनेने आरोप फेटाळले. आपले कारखाने प्रमाणित आहेत, हा त्यांच्या उत्तराचा गाभा होता. प्रमाणित आहेतच. प्रश्न प्रमाणपत्र कशाचं, हा आहे.

«ती ठेकेदाराची माणसं, कंपनीचा संबंध नाही»

कायदा असं म्हणत नाही. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून तरतूद अशी, की ठेकेदाराने पगार दिला नाही किंवा कमी दिला तर तो मूळ मालकाने भरायचा आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचा. चार नव्या कामगार संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून अमलात आल्या, त्यांतही ही जबाबदारी कायम आहे. भविष्यनिर्वाह निधीचं तसंच: ठेकेदाराच्या कामगाराचा हप्ता भरला गेला की नाही, याचं उत्तर शेवटी मुख्य आस्थापनाला द्यावं लागतं. कापून घेतलेली रक्कम खात्यात पोचली का, हे निधीच्या खात्याचा यूएएन क्रमांक टाकून फोनवर पाहता येतं. बायकांनी एकमेकींना एवढं शिकवलं तरी पुष्कळ होईल.

«किलोवर काम, म्हणून किमान वेतन नाही»

सोलाईचं काम पुष्कळदा नगावर किंवा वजनावर मोजलं जातं. चपळ हाताची मुलगी जास्त मिळवते, नवखी कमी. मालाची आवक घटली की दोघींचाही दिवस वाया जातो. यात कायद्याला हस्तक्षेप करता येत नाही असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात, ज्या कामासाठी वेळेवर आधारित किमान वेतन ठरलं आहे आणि नगाचा वेगळा किमान दर ठरलेला नाही, तिथे नगावर काम करणाऱ्यालाही त्या वेतनाखाली देता येत नाही. पूर्वी किमान वेतन सरकारी यादीतल्या रोजगारांनाच लागू होतं. वेतन संहितेने ही अट काढली आणि ते सर्व रोजगारांना लागू झालं. ओव्हरटाइमचा दुप्पट दरही नगावर काम करणाऱ्याला मिळतो. कारखाने अधिनियम, 1948 मध्ये त्याचा हिशेब कसा करायचा हेही लिहिलेलं होतं.

इथेच बारा तासांचा गोंधळ आहे. सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतली दिवसाची कमाल मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. तेव्हापासून «आता बारा तास कायदेशीरच आहेत, जादा पैसे कसले» असं ऐकू येऊ लागलं. आठवड्याची 48 तासांची मर्यादा गेलेली नाही. त्यापुढचा प्रत्येक तास जादा, आणि तो दुप्पट दराने.

«बायकांची रात्रपाळी आता कुठे सुरू झाली»

मासळीच्या धंद्यात ती कधी पूर्ण बंद नव्हतीच. 1948 च्या अधिनियमाने स्त्रियांना संध्याकाळी सातनंतर कामावर ठेवायला मनाई केली. पण कलम 66 मध्येच एक सूट होती: मासे खारवणाऱ्या आणि डबाबंद करणाऱ्या कारखान्यांसाठी, कच्चा माल नासू नये म्हणून राज्य सरकार नियमाने मोकळीक देऊ शकत होतं. संपूर्ण कायद्यात स्त्रियांच्या रात्रीच्या कामासाठी नावाने केलेला अपवाद हा या एका धंद्याचा. माल नासेल ही काळजी कायदेमंडळाने 1948 मध्येच घेतली. नव्या कामगार संहितांमध्ये स्त्रीची संमती, सुरक्षितता आणि ने-आण यांच्या अटी आल्या आहेत. रात्री कारखान्याची गाडी दारापर्यंत येते की फाट्यावर सोडून जाते, हे गावाला दिसतं. त्यासाठी निरीक्षक लागत नाही.

«निर्यात क्षेत्रात कामगार कायदे लागत नाहीत»

मिरजोळे ही साधी एमआयडीसी आहे, त्यामुळे प्रश्न उद्भवत नाही. पण विशेष आर्थिक क्षेत्रातही (सेझमध्येही) हे खोटं आहे. 2005 च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्यातलं कलम 49 केंद्राला इतर कायद्यांतून सूट द्यायचा अधिकार देतं आणि त्याच कलमात कामगार संघटना, कामाची परिस्थिती, भविष्यनिर्वाह निधी, नुकसानभरपाई, प्रसूती लाभ हे विषय त्यातून स्पष्ट वगळले आहेत.

जागतिक व्यापार संघटना हे सगळं पाहते, हाही भ्रम सोडलेला बरा. 1996 च्या सिंगापूर परिषदेत कामगार मानकांचा विषय आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडे सोपवला गेला आणि त्याला व्यापाराशी जोडण्याच्या विरोधात भारत आघाडीवर होता. संघटना आणि सामूहिक वाटाघाटी यांबाबतचे श्रम संघटनेचे 87 आणि 98 क्रमांकाचे करार भारताने आजही मान्य केलेले नाहीत.

«स्वतःहून येतात, पैसे आगाऊ घेतात, मग सक्ती कसली?»

हा प्रश्न कारखान्यापेक्षा होडीला जास्त लागतो. रत्नागिरीच्या अनेक ट्रॉलरवर आणि पर्ससीन नौकांवर खलाशी नेपाळी असतात. पावसाळी बंदी संपून 1 ऑगस्टला हंगाम उघडण्याआधी त्यांना उचल दिली जाते. उचल घेऊन खलाशी पळाला ही मालकाची तक्रार असते आणि ती खोटी नसते. छोट्या नौकामालकाचं त्यात खरंच कंबरडं मोडतं. पण उचल फिटेपर्यंत जाता येणार नाही, कागदपत्रं मालकाकडे राहतील, मजुरी हंगाम संपल्यावर पाहू, असं झालं की तो व्यवहार 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याच्या कक्षेत येतो. उचल वसूल करायला दिवाणी मार्ग आहे. माणूस अडकवून ठेवायचा मार्ग नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये, दिल्लीच्या आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या प्रकरणात, याहून पुढची गोष्ट सांगितली. किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणं म्हणजेच सक्तीची मजुरी आणि घटनेच्या अनुच्छेद 23 चा भंग. भुकेने लादलेली संमती ही खरी संमती नव्हे, असा त्या निकालाचा अर्थ. पश्चिम किनाऱ्यावरच्या कारखान्यांत केरळहून कोळंबी सोलायला आलेल्या, शीतगृहांच्याच आवारात राहणाऱ्या मुलींबद्दल गेल्या शतकाच्या अखेरीस जे लिहिलं गेलं, ते वाचताना हा निकाल हाताशी ठेवावा.

«हक्क दिले तर ऑर्डर जातील»

ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा कर 50 टक्क्यांवर नेला आणि कोळंबीच्या ऑर्डरी अडकल्या. त्यात कुणाचं वेतन वाढलं नव्हतं. स्वस्त मजुरीने त्या ऑर्डरी वाचवल्याही नाहीत. उलट दिशेचा पुरावा थायलंडचा आहे. तिथल्या मासळी उद्योगातली गुलामी 2015 मध्ये असोसिएटेड प्रेसच्या वार्ताहरांनी उघड केली, दोन हजारांहून अधिक माणसं सुटली, कायदे बदलावे लागले आणि 2019 मध्ये थायलंडने मासेमारीतल्या कामाविषयीचा आंतरराष्ट्रीय करारही स्वीकारला. थायलंडची निर्यात बंद पडली नाही. भारताने तो करार अजून स्वीकारलेला नाही. सक्तीच्या मजुरीतून तयार झालेला माल बाजारात येऊ न देणारा युरोपीय संघाचा कायदा डिसेंबर 2027 पासून लागू होतो आहे. 1997 मध्ये फरशी बदलली, तसा मजुरीचा हिशेब बदलायला रत्नागिरीच्या उद्योगाकडे थोडा वेळ आहे. बंदी येण्याआधी बदललेलं बरं.

«कागद नाही, मग तक्रार कशी करणार?»

बायका इथेच थांबतात. नियुक्तिपत्र नाही, हजेरीचं कार्ड मुकादमाकडे, पगार रोख. पण नियुक्तिपत्र देणं ही आता मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे, त्यामुळे ते नसणं ही कामगाराची चूक ठरत नाही. आणि वेतन संहितेनुसार पगार कमी मिळाल्याचा दावा दाखल झाला, की पूर्ण पैसे दिले हे सिद्ध करायचं ओझं मालकावर असतं. दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे. त्यामुळे रोजची आत-बाहेरची वेळ घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा, ठेकेदाराचे निरोप फोनमधून पुसू नका आणि चौघी मिळून कामगार कार्यालयात जा. वकिलाच्या फीची भीती असेल तर रत्नागिरीच्या जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987 च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला आणि औद्योगिक कामगाराला तिथे वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट नाही.