कानात ग्रोमेट बसवण्यापूर्वी
कानाच्या पडद्यामागे साचलेलं पाणी महिनोन्महिने हटत नाही आणि मुलाला कमी ऐकू येऊ लागतं, तेव्हा कान-नाक-घसा तज्ज्ञ पडद्यात ग्रोमेट, म्हणजे एक बारीकशी नळी, बसवतात. शस्त्रक्रिया जेमतेम 10-15 मिनिटांची. पण लहान मुलांत ती पूर्ण भूल देऊन करतात, म्हणून खरी तयारी उपाशी पोटाची. साधारणपणे भुलीच्या 6 तास आधीपासून जेवण, बिस्किट, गाईचं दूध बंद. आईचं दूध 4 तास आणि साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. मूल रडतंय म्हणून आजीनं हळूच भरवलेला पेढाही भुलीत उलटून फुफ्फुसात जाऊ शकतो. हे घरातल्या प्रत्येकाला आदल्या रात्रीच सांगायला हवं. सर्दी-खोकला किंवा ताप आला, तर डॉक्टरांना लगेच कळवावं.

मुलाशी खोटं मात्र बोलू नये. तीन-चार वर्षांच्या मुलाला एक-दोन दिवस आधी सांगितलं तरी पुरतं: "तू झोपशील, डॉक्टर कान नीट करतील, मग आपण घरी येऊ." बाहुलीच्या तोंडावर मास्क धरून खेळलं की त्याची भीती बरीच ओसरते. शुद्धीवर येताना अनेक मुलं रडतात, हातपाय झाडतात. तो बहुतेकदा भुलीचा परिणाम असतो. घरी आल्यावर कुकरच्या शिट्टीनंही मूल दचकतं, कारण आता नीट ऐकू येऊ लागलेलं असतं. नळी बहुधा 6 ते 18 महिन्यांत आपोआप गळून पडते.