भट्टीशेजारचा मुक्काम

चाक घराच्या कोपऱ्यात बसतं आणि मातीची पोती मागवता येतात. नवोदित सिरॅमिक कलावंताचं गाडं अडतं ते भट्टीपाशी. स्टोनवेअरचं भांडं पक्कं व्हायला साधारण १२००हून अधिक अंश तापमान लागतं, आणि नालासोपारा-विरारच्या इमारतीत एवढी भट्टी पेटवायला कोणती सोसायटी परवानगी देईल? मग हा कलावंत आपली कच्ची भांडी दुसऱ्याच्या भट्टीत देतो. भांडं भाजून परत मिळतं, पण ते भाजताना काय घडलं हे त्याला कळत नाही. ५७३ अंशांवर मातीतल्या गारेच्या कणांची रचना बदलते, तिथे घाई झाली तर तडा जातो. तांब्याची झिलई भट्टीत भरपूर हवा असताना हिरवी उतरते, तीच हवा तोडली की लाल. हे पुस्तकात लिहिलेलं असतं, पण हाताशी येतं ते भट्टीजवळ राहून, नोंदी ठेवत, फसलेला घाणा पुन्हा लावून. रेसिडेन्सीची, म्हणजे काही आठवडे वा महिने स्टुडिओतच राहून काम करण्याची, खरी किंमत त्यात आहे. निर्मला पटवर्धन यांनी इंग्लंडमध्ये बर्नार्ड लीच यांच्या भट्टीवर काम केलं आणि पुढे कुंभारकामाच्या कृती सांगणारं हँडबुक लिहिलं. पुदुच्चेरीत रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी १९७१मध्ये गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली. आजचे कित्येक नामवंत भारतीय सिरॅमिस्ट तिथल्या दीर्घ सहवासात घडले.

यावर कुणी म्हणेल, आपले कुंभार कुठे रेसिडेन्सीला गेले होते? पण कुंभाराचं घर हाच जन्मभराचा मुक्काम होता. आव्याचा धूर बघत मूल मोठं व्हायचं. कॉलेजातून आलेल्या मुलीला ते घर मिळालेलं नसतं, आणि कुंभाराच्या मुलालाही स्टोनवेअर नव्यानं शिकावं लागतं, कारण आव्याचं तापमान बरंच कमी असतं. वसईच्या खाडीपलीकडे भाईंदरला स्टुडिओ असलेले ब्रह्मदेव राम पंडित बिहारच्या कुंभार कुटुंबातले. स्टोनवेअरमधल्या कामाने त्यांचं नाव झालं आणि २०१३मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आणि मातीशी या भागाचं नातं जुनंच आहे. १८८२मध्ये भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा विटांचा स्तूप उकरला, तेव्हा एकात एक ठेवलेल्या करंडकांच्या आत, सोन्याच्या डबीत, मातीच्या भांड्याचे तुकडे जपलेले निघाले.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: हे सारं पैसेवाल्यांसाठी. शुल्क, प्रवास, बुडालेला पगार, हा हिशेब नोकरी करणाऱ्याला झेपत नाही. त्यावर उपाय म्हणजे भट्टी जवळ आणणं. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, हेलेना इथे, आर्ची ब्रे या वीट कारखानदाराने १९५१मध्ये आपल्या कारखान्याच्या आवारात कलावंतांना जागा दिली. पीटर व्होल्कस आणि रूडी ऑटिओ तिथले पहिले निवासी कलावंत, आणि ती जागा आजही चालते. वसई तालुक्यात वीटभट्ट्या आहेतच. तिथे राबणाऱ्या आदिवासी कुटुंबांना आगीची जाण कुणी शिकवावी लागत नाही, त्यामुळे अशा स्टुडिओत पहिली जागा त्यांच्या मुलांना असावी. एक शेड, एक गॅसभट्टी, अनुभवी कारागिराचा पगार एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. लोकलने येणाऱ्याला राहायची खोलीही लागणार नाही, फक्त भट्टी पेटेल त्या रात्री तिथे थांबावं लागेल.