विश्लेषण : कंबरदुखी खरेच कमी झाली का? हे मोजायचे कसे?

‘आता कसे वाटते?’, ‘थोडे बरे आहे.’ कंबरदुखीच्या रुग्णाची फिजिओथेरपिस्टकडची भेट बहुतेक वेळा याच दोन वाक्यांनी सुरू होते. पण ‘थोडे बरे’ म्हणजे नेमके किती? व्यायाम सुरू ठेवायचा, औषध बदलायचे की शस्त्रक्रियेचा विचार करायचा, हे याच उत्तरावर ठरते. जागतिक आरोग्य संघटनेनुसार २०२० मध्ये जगभरात ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती.

एमआरआय पुरेसा नाही का?

नाही. एमआरआयमध्ये मणक्याची रचना दिसते, वेदना दिसत नाही. कोणताही त्रास नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात २० वर्षांच्या ३७ टक्के, तर ८० वर्षांच्या ९६ टक्के लोकांमध्ये मणक्यातील चकतीची झीज आढळली. त्यामुळे उपचारांचा परिणाम रुग्णालाच विचारावा लागतो. मात्र सगळ्यांना एकाच पद्धतीने.

कोणत्या मोजपट्ट्या वापरतात?

० ते १० : ० म्हणजे वेदना नाही, १० म्हणजे असह्य वेदना. सोपी, पण फक्त वेदना मोजणारी.

ओस्वेस्ट्री निर्देशांक : इंग्लंडमधील ओस्वेस्ट्री येथे तयार झालेली आणि १९८० मध्ये प्रसिद्ध झालेली प्रश्नावली. बसणे, चालणे, वजन उचलणे, झोप, प्रवास असे १० विभाग असतात आणि प्रत्येकाला ० ते ५ गुण. जितके गुण जास्त, तितकी अडचण जास्त. ती मराठीतही उपलब्ध आहे.

रोलंड-मॉरिस : १९८३ मधील २४ वाक्यांची यादी. आज लागू पडणाऱ्या वाक्यांवर खूण करायची. सौम्य त्रासासाठी ही अधिक सोयीची मानली जाते.

एकच आकडा का चालत नाही?

समजा, पहिल्या दिवशी वेदना ७ होती आणि ओस्वेस्ट्रीचे गुण ५० पैकी २२, म्हणजे ४४ टक्के. सहा आठवड्यांनी वेदना ६, पण गुण १५, म्हणजे ३० टक्के. फक्त वेदना पाहिली तर ‘काहीच फरक नाही’ म्हणून रुग्ण व्यायाम सोडून देईल. प्रत्यक्षात त्याची अडचण ‘गंभीर’ गटातून ‘मध्यम’ गटात आली आहे.

किती फरक ‘खरा’ मानायचा?

२००८ मध्ये तज्ज्ञांनी सुचवलेला ढोबळ निकष असा : मूळ आकड्यात ३० टक्के सुधारणा. म्हणजेच वेदनेत साधारण २, ओस्वेस्ट्रीत १० आणि रोलंड-मॉरिसमध्ये ५ गुणांचा फरक. वरच्या उदाहरणात वेदनेतील १ गुणाचा फरक निकषात बसत नाही, ओस्वेस्ट्रीतील १४ गुणांचा बसतो.

मांडी घालून बसण्याचे काय?

ओस्वेस्ट्रीतील ‘बसणे’ म्हणजे खुर्चीवर बसणे. मांडी घालून जेवणे, भारतीय शौचालयात बसणे, भातलावणीत वाकणे यांची त्यात नोंद नाही. त्यासाठी रुग्णाने स्वतः निवडलेल्या कामांची मोजपट्टी उपयोगी पडते. अडणारी तीन ते पाच कामे सांगायची आणि प्रत्येकाला ० (अजिबात जमत नाही) ते १० (पूर्वीसारखे जमते) गुण द्यायचे. इथे गुण वाढणे म्हणजे सुधारणा.

तुम्ही काय कराल?

- उपचार सुरू होण्याआधीच पहिली नोंद करून घ्या.
- एक आकडा वेदनेचा आणि एक दैनंदिन कामाचा ठेवा.
- पुढच्या प्रत्येक वेळी तीच प्रश्नावली भरा. मध्येच बदलली तर तुलना होत नाही.
- फॉर्मचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. डॉक्टर बदलले तरी नोंद तुमच्याकडे राहील.

लघवी किंवा शौचावरील नियंत्रण सुटणे, जांघेत बधिरपणा येणे किंवा पायातील ताकद कमी होत जाणे, अशी लक्षणे असतील तर मात्र प्रश्नावली बाजूला ठेवा आणि तातडीने रुग्णालय गाठा.